हात न लावता गुडघा तपासताना

व्हिडिओवरची क्रीडावैद्यक अपॉइंटमेंट संपते तेव्हा पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे हिशेब चाललेले असतात. सांगलीच्या कबड्डीपटूचा पुण्यापर्यंतचा सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास, सोबत येणाऱ्या वडिलांचा खाडा आणि बुडणारं कॉलेज वाचलेलं असतं. ती खूश असते. इकडे डॉक्टर मनात उजळणी करत असतात, की आज काय काय हाताला कळलं असतं आणि डोळ्यांना कळलं नाही. समाधान विचारणाऱ्या प्रश्नावल्यांत रुग्णांचं उत्तर बहुधा भरघोस आणि डॉक्टरांचं जरा हातचं राखून येतं, त्याचं कारण हेच. दोघंही खरं बोलत असतात, फक्त मोजत असतात वेगवेगळ्या गोष्टी.

या कामात डॉक्टर आणि फिजिओ दोघं असतात, म्हणून इथे ‘आम्ही’. आमच्या मते गडबड सुरू होते ती प्रश्नापासून. रुग्ण विचारतो, ‘काय झालंय?’ पडद्यावरून त्याचं पक्कं उत्तर अनेकदा देता येत नाही. देता येतं ते दुसऱ्या प्रश्नाचं : याला कुणीतरी हात लावून पाहायला हवा का, आणि हवा असेल तर आज, या आठवड्यात की महिनाभराने चालेल? हा प्रश्न दोघांनी सुरुवातीलाच मान्य केला, तर कॉल संपताना दोघंही समाधानी असतात. नाहीतर रुग्णाला वाटतं निदान झालं, डॉक्टरला वाटतं अंदाज सांगितला, आणि तीन आठवड्यांनी त्यावरून वाद होतो.

आदल्या दिवशीची तयारी

निम्मी अपॉइंटमेंट आदल्या दिवशीच होते. आम्ही एक निरोप पाठवतो. त्यातली पहिली सूचना वाचून लोक हसतात : दुखऱ्या बाजूच्या घोट्याला किंवा मनगटाला लाल दोरा बांधा. याला कारण आहे सेल्फी कॅमेरा. पुढच्या कॅमेऱ्यात माणूस स्वतःला आरशातल्यासारखा उलटा दिसतो, आणि काही फोन चित्रीकरणही तसंच उलटं साठवतात. सूज उतरलेली असली की उजवा-डावा ओळखायला दुसरी खूण राहत नाही. आदल्या दिवशी आलेल्या व्हिडिओत डावा पाय आणि कॉलवर उजवा, असं होतं तेव्हा एमआरआयच्या चिठ्ठीवर चुकीचा गुडघा लिहिला जायला वेळ लागत नाही. लाल दोरा हा घोळ फुकटात मिटवतो.

दुसरी सूचना लेपाची. मुरगळलेल्या घोट्यावर आंबेहळद आणि तुरटीचा लेप लागला नाही असं घर आपल्याकडे विरळाच. लेपाशी आमचं भांडण नाही. पण हळदीचा रंग कातडीवर मुरतो, आणि त्याखाली साकळलेलं रक्त निळं आहे, जांभळं आहे की उतरणीला लागून पिवळं पडलंय, हे कॅमेऱ्याला समजत नाही. हाच रंग दुखापतीच्या वयाचा ढोबळ अंदाज देतो आणि रक्त कुठून कुठे उतरलं तेही सांगतो. म्हणून आदल्या रात्री साबणाने धुवा. क्रेप बँडेजही निदान तासभर आधी सोडा. लगेच सोडलं की त्याचे वळ दिसतात आणि दाबून बसलेली सूज दिसत नाही.

चोळण्याबद्दलही तिथेच लिहितो. मांडीवर समोरच्याचा गुडघा बसला असेल आणि आत रक्त साकळलं असेल तर पहिले काही दिवस तेल लावून रगडायचं नाही. वस्तादांनी प्रेमाने केलेल्या मालिशीने तिथलं रक्त पुन्हा वाहू शकतं, आणि स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो.

वेदनाशामक गोळी घेतली असेल तर वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध बंद करू नका, पण नुसती ‘दुखतंय म्हणून’ घ्यायची गोळी कॉलनंतर घेता आली तर उत्तम. गोळीच्या अमलाखालचा गुडघा फार सभ्य वागतो.

सामान घरातलंच लागतं : शिवणकामाची टेप, तीस सेंटिमीटरची पट्टी, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली (म्हणजे जवळपास एक किलो वजन), न हलणारं स्टूल, चटई आणि फोन धरायला एक माणूस. बॅटरी पूर्ण भरलेली, कारण व्हिडिओ कॉल ती भराभर खातो. जागा अशी, की फोनपासून अडीच-तीन मीटर मागे जाता येईल. खिडकी पाठीमागे आली की माणसाची नुसती काळी आकृती दिसते, म्हणून खिडकीकडे तोंड. गुडघा-घोट्यासाठी फोन गुडघ्याच्या उंचीवर, खांद्यासाठी छातीच्या उंचीवर. वरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात सरळ पायही वाकलेला दिसतो, आणि वाकलेला सरळ.

कपड्यांचं आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. गुडघ्यासाठी मांडीच्या मध्यापर्यंतची चड्डी, खांद्यासाठी बिनबाह्यांचं बनियन. मुलींना आणि बायकांना कॉलवर ऐनवेळी सांगितलं की अवघडलेपण येतं, आणि मग सलवार वर सरकवून अर्धवट तपासणी होते. घरात दारं सताड उघडी, भाऊ आत-बाहेर करतोय, अशात कुणी खांदा उघडा करणार नाही. त्यामुळे खोली, वेळ आणि सोबतीला कोण हे आदल्या दिवशीच ठरवायचं.

व्हिडिओ मागवतो तेव्हा तो कसा काढायचा हेही लिहावं लागतं. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं असतात. पळताना पाऊल जमिनीला टेकून उचलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे हाती सात-आठ चित्रं लागतात. त्यात काम भागतं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत मात्र जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. तीन चित्रांत काय दिसणार? तिथे स्लो मोशन हवं, १२० किंवा २४० चित्रांचं. आणि तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की आकसतो, पायाच्या कडा विरघळतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. पळण्यासाठी दोन कोन पुरतात. एक पाठीमागून आणि एक बाजूने, कॅमेरा स्थिर ठेवून. सोबत्याने मोटारसायकलवरून काढलेलं चित्रण बघायला छान असतं, त्यात कोन मोजता येत नाहीत.

एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो निम्म्या वेळा वाया जातो. लॅपटॉपवर कोरी पांढरी चौकट पूर्ण पडदाभर उघडा, फिल्म त्यावर टेकवा, फ्लॅश बंद करा, खोलीतला दिवा मालवा. समोरून आणि बाजूने काढलेली, दोन्ही चित्रं पाठवा. एमआरआयच्या बारा चौकटींच्या फिल्मचा फोटो मात्र पाठवूच नका. केंद्राकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या. आणि अहवालातली एखादी ओळ वाचून रात्र जागवू नका. अजिबात न दुखणाऱ्या खेळाडूंच्या गुडघ्यांत आणि खांद्यांतही एमआरआयवर काही ना काही सापडतं.

कॉल सुरू झाल्यावर

पहिली दोन मिनिटं कारकुनी वाटतात, पण ती गाळायची नाहीत. नाव, वय, आत्ता कुठे आहात, खोलीत कोण कोण आहे, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर. ‘आत्ता कुठे’ हे विचारायचं कारण सरळ आहे : तपासताना कुणी चक्कर येऊन पडलं तर मदत पाठवायला पत्ता हवा. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार रुग्णाने स्वतःहून कॉल केला की त्याची संमती गृहीत धरली जाते. रुग्ण १६ वर्षांचा किंवा त्याहून लहान असेल तर सोबत मोठं माणूस हवंच आणि त्याचीही ओळख पटवावी लागते.

इथे एक अडचण हमखास येते. शाळकरी खेळाडूला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वस्ताद देतात, नाहीतर आई. ‘कधीपासून दुखतंय?’ ‘तसं काही नाही डॉक्टर, परवा स्पर्धेपर्यंत बरा होईल ना?’ मोठ्यांना बाहेर घालवता येत नाही, म्हणून त्यांना फोन धरायचं काम द्यायचं आणि पहिली पाच मिनिटं फक्त ऐकायची विनंती करायची. मुलींच्या बाबतीत पाळीचा प्रश्न असतो. लांब पळणाऱ्या मुलीच्या नडगीत दुखत असेल आणि पाळी तीन-चार महिने आली नसेल, तर खाणं आणि सराव यांचा मेळ बसत नाहीये. हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय तिथे दुपटीने घ्यायचा. हा प्रश्न काकांसमोर स्पीकरवर विचारला तर उत्तर ‘नॉर्मल’ एवढंच येतं. तो आदल्या दिवशीच्या फॉर्ममध्ये टाकायचा, किंवा हेडफोन लावून फक्त हो-नाही मध्ये विचारायचा.

मग इतिहास. पडद्यावरच्या निदानाचा मोठा भाग इथूनच येतो, त्यामुळे दवाखान्यात पाच मिनिटांत उरकतो त्याला इथे दहा द्यावी लागतात. गुडघ्याचं उदाहरण घ्या. पकडीतून निसटताना पाय जमिनीत रुतला, अंग वळलं, ‘कट्’ असा आवाज आला, खेळ तिथेच सोडावा लागला आणि दोन तासांच्या आत गुडघा नारळासारखा फुगला. हे ऐकल्यावर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला नडगीला पुढे सरकू न देणारा दोर, तुटलं असण्याची शक्यता इतकी वाढते, की उरलेली तपासणी तो संशय खोडता येतो का हे पाहण्यासाठीच असते. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली असेल, तर गादीकडे, म्हणजे मेनिस्कसकडे बोट वळतं. ‘सूज किती वाजता आली’ हा सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि लोक नेमकं तेच विसरलेले असतात. मग सामना किती वाजता संपला, घरी कसे आलात, जिना चढलात का, असं मागे मागे जावं लागतं.

इतिहासानंतर बघणं. दोन्ही पाय एकाच चौकटीत, उजेड बाजूने. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला एक खळगी असते. पाणी भरलं की ती बुजते. दोन्ही गुडघे शेजारी असले की फरक मोबाइलवरही दिसतो. मग पालथं झोपवून पावलं खाटेच्या कडेबाहेर सोडायची. गुडघा पुरता सरळ होत नसेल तर त्या बाजूची टाच वर राहते, आणि सोबत्याने पट्टीने मोजलेला प्रत्येक सेंटिमीटर ढोबळमानाने एक अंश धरता येतो. गुडघा अडकल्यासारखा सरळच होत नसेल, तर फाटलेल्या गादीचा तुकडा मध्ये आला असू शकतो. अशा गुडघ्याला व्हिडिओवर व्यायाम शिकवत बसायचं नाही, त्याला आठवड्याच्या आत शल्यविशारदाने पाहायला हवं. उताणं झोपून पाय सरळ ठेवून उचलता येतो का, हेही पाहतो. येत नसेल तर वाटी किंवा तिच्या वर-खालचा दोर तुटल्याची शंका, आणि तपासणी त्याच दिवशी.

आणि इथेच आमचे हात शिवशिवतात. एसीएलची खरी परीक्षा म्हणजे गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढायची आणि शेवटी ती ‘ठक्’ करून थांबते की रबरासारखी येतच राहते हे बोटांना जाणवायचं. हे जाणवणं कॅमेरा पोचवत नाही. सोबत्याला शिकवून करून घ्यायचा मोह होतो; तो टाळावा. त्याच्या पकडीत रुग्णाची मांडी आवळली जाते, स्नायू गुडघा धरून ठेवतो, आणि तुटलेला गुडघाही घट्ट वाटतो. खोट्या दिलाशापेक्षा ‘हे मला इथून कळणार नाही’ हे वाक्य परवडतं. ते वाक्य ऐकून रुग्ण नाराज होत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. नाराज होतात ते नंतर कळलं की.

घोटा त्या मानाने पडद्याला सोयीचा. कॅनडातल्या ऑटवा शहरात १९९२ मध्ये तयार झालेले नियम इथे उपयोगी पडतात. दुखापत होताच आणि तपासताना, दोन्ही वेळा चार पावलं चालता आलं नाही. किंवा घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाड दाबून दुखलं. किंवा करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्याशी असलेला हाडाचा उंचवटा, नाहीतर आतल्या बाजूचं नौकेसारखं हाड दुखलं, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली चार पावलंही चालली असंच धरतात. दाबायचं काम रुग्णाची स्वतःची बोटं करतात, आणि ती बोटं घाबरलेली असतात. म्हणून आधी चांगल्या पायावर सराव करून घ्यायचा : नख पांढरं पडेपर्यंत दाबा. हे नियम डॉक्टरांच्या बोटांसाठी बनले आहेत. उत्तर धूसर आलं तर आम्ही एक्स-रेच्या बाजूला झुकतो. एक्स-रे तालुक्याला निघतो, त्यासाठी पुणं लागत नाही.

टाचेच्या दोराची, म्हणजे अकिलिसची, परीक्षा जणू व्हिडिओसाठीच घडलेली. पालथं झोपायचं, दोन्ही गुडघे काटकोनात, तळपाय छताकडे, कॅमेरा बाजूला. चांगल्या पायाचा चवडा जरा वर, छताकडे रोखलेला राहतो; दोर तुटलेल्या पायाचा चवडा खाली नडगीकडे झुकतो किंवा पाऊल नुसतं आडवं पडतं. मग सोबत्याने पोटरीचा मांसल भाग दाबायचा आणि पाऊल हलतं का पाहायचं. ‘मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही’ असं रुग्ण म्हणाला, तर ही परीक्षा झाल्याशिवाय कॉल संपवायचा नाही. हा दोर तुटूनही माणूस लंगडत चालू शकतो आणि पाऊल थोडं खालीही दाबू शकतो, कारण शेजारचे स्नायू भार उचलतात. म्हणून तर तो ‘पोटरी भरली’ म्हणून आठवडेच्या आठवडे निसटतो.

खांद्याला कॅमेरा पाठीमागून हवा, हे बहुतेकांना सुचत नाही. हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या मधेच दुखतं का, पाठीवरचं पातं दोन्हीकडे सारखं सरकतं का, हे मागूनच दिसतं. लिटरभर पाण्याची बाटली धरून हात समोर-तिरपा खांद्याच्या उंचीवर दहा सेकंद ठेवायचा. आधी चांगला, मग दुखरा. खांदा निखळून बसवलेला असेल तर दंडाच्या बाहेरच्या वरच्या भागावर कापूस फिरवून दोन्हीकडे सारखं जाणवतं का हे विचारायचंच. तिथली नस निखळताना ताणली जाते.

कमरेला मात्र पडदा अपुरा. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाची कंबर एका बाजूला, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या उलट बाजूला, मागे वाकताना दुखत असेल, तर मणक्याच्या कमानीला तडा जात असल्याची शंका घ्यायची. एका पायावर उभं राहून मागे वाकवण्याची परीक्षा दवाखान्यातही भरवशाची नाही, मग पडद्यावर काय सांगावं. गोलंदाजी त्याच दिवसापासून बंद आणि एमआरआय. निवडचाचणी तोंडावर असलेल्या घरात हे वाक्य कोणालाच समाधान देत नाही, आणि गुणही कमी पडतात. पडू द्यावेत.

जिथे कॉल थांबवायचा

काही वाक्यं ऐकली की पुढचं सगळं सोडून रुग्णाला रुग्णालयात पाठवायचं. पळत असताना, थांबल्यावर नव्हे, शुद्ध हरपली. छातीत दाब आला. प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखतेय. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली टेपने घेर मोजला आणि दोन्हींत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर रक्ताच्या गुठळीची तपासणी आजच. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला.

आणि एक खास आपल्या तालमींतलं. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ईर्षेने शेकडो बैठका मारल्या, मांड्या दगडासारख्या झाल्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकू शकतं. याला शेक नको, मालिश नको, ‘बघू उद्या’ तर मुळीच नको. रक्त तपासणी आणि सलाइन लागू शकतं.

डोक्याला मार लागला असेल तर संशयावरूनच त्या दिवसाचा खेळ संपला, आणि पहिली तपासणी प्रत्यक्षच. त्यानंतरच्या फेऱ्यांना व्हिडिओ चालतो. ठरलेल्या यादीतली २२ लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, एकूण १३२. दर फेरीला बेरीज कुठे चालली आहे ते पाहायचं. गंमत अशी, की पडद्याकडे पाहूनच यांचं डोकं ठणकतं. मग कॅमेरा बंद ठेवून आवाजावरच बोलायचं.

औषधाची चिठ्ठी

मार्गदर्शक तत्त्वांनी दूरस्थ सल्ल्यात कोणती औषधं कधी लिहायची याच्या याद्या केल्या आहेत. काही औषधं पहिल्याच भेटीत लिहायची तर ती भेट व्हिडिओवरच झालेली हवी, नुसता फोन किंवा मजकूर चालत नाही. अमली आणि मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं पडद्यावरून लिहिता येत नाहीत. ट्रॅमाडॉल हे जालीम वेदनाशामक २०१८ पासून त्यात आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो.

खेळाडूच्या बाबतीत याहून मोठा खड्डा उत्तेजक चाचणीचा. स्पर्धेच्या काळात ट्रॅमाडॉलवर जागतिक यादीत १ जानेवारी २०२४ पासून बंदी आहे, आणि स्टिरॉइडच्या कुठल्याही प्रकारच्या इंजेक्शनवर १ जानेवारी २०२२ पासून. आमच्या चिठ्ठीत यातलं काही नसतंच, पण गावातल्या दवाखान्यात काल ‘सुई’ घेतलेली असते आणि तिचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून कॉलवर एक मिनिट घरातली औषधांची सगळी पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो : सर्दीची, खोकल्याची, जिममधल्या दादाने दिलेला डबासुद्धा. दवाखान्यात रुग्ण येतो तेव्हा ही पाकिटं घरी असतात. निदान इथे तरी पडदा प्रत्यक्ष भेटीपेक्षा सरस ठरतो.

मग समाधान कुणाचं, आणि कधी मोजायचं?

रुग्ण खूश होतो तो वेळ आणि पैसा वाचल्यामुळे, हे उघड आहे. त्याहून कमी बोललं जाणारं कारण म्हणजे लक्ष. दवाखान्यात तीन जण दार ढकलतात. कॉलवर वीस-पंचवीस मिनिटं समोरचा माणूस फक्त आपल्याकडे बघतो. घरचेही ऐकतात, त्यामुळे ‘डॉक्टर काय म्हणाले’ याचं भाषांतर करावं लागत नाही. व्यायाम ज्या खोलीत, ज्या स्टुलावर करायचा तिथेच शिकवला जातो. नाखुशीही ठरलेली : ‘हातच लावला नाही, मग फी कसली?’ आपल्याकडे हात लावणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे, त्यामुळे हा प्रश्न उद्धट नाही. मार्गदर्शक तत्त्वं फीच्या बाबतीत दोन्ही भेटी सारख्याच मानतात आणि पावती द्यायला सांगतात. आम्ही फी आधीच सांगतो, आणि त्याच दुखापतीसाठी पंधरा दिवसांत प्रत्यक्ष यावं लागलं तर ती त्या भेटीत वळती करतो. एवढ्याने निम्मी कुरकुर संपते.

डॉक्टरांच्या असमाधानात न लागलेला हात हे पहिलं कारण, पण एकटं नव्हे. आदल्या रात्री व्हिडिओ पाहणं, नंतर टिपण लिहिणं, ‘सर, ऐकू येतंय का?’ मध्ये गेलेली चार मिनिटं, हे काम कुणी मोजत नाही. पंचवीस मिनिटांच्या कॉलला चाळीस मिनिटांची जागा ठेवली नाही तर दुपारपर्यंत डॉक्टर चिडलेला असतो आणि चौथ्या रुग्णाला घाईघाईत ‘एमआरआय करून घ्या’ मिळतं. ओळखीच्या रुग्णाच्या फेरतपासणीत मात्र डॉक्टरही खुलतात. शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या आठवड्याला गुडघा किती वाकतो, घोट्यासाठी भिंतीपासून अंगठा किती सेंटिमीटरवर ठेवून गुडघा टेकवता येतो आणि दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आहे का, एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलता येते, हे सगळं पडद्यावर चोख मोजता येतं. पहिल्या भेटीचा आणि फेरतपासणीचा कॉल एकाच प्रश्नावलीत घालून सरासरी काढली, तर ती सरासरी कशाबद्दलही काही सांगत नाही.

प्रश्नावलीत आणखी एक चोरवाट आहे. ती कॉल संपताच जाते, म्हणजे ज्याचा कॉल रेंजअभावी तुटला तो भरतच नाही. आणि जो भरतो त्याला अजून गुडघा बरा होणार की नाही हे ठाऊक नसतं. आम्ही सहा आठवड्यांनी एकच प्रश्न विचारतो : याच दुखण्यासाठी मधल्या काळात दुसऱ्या कुणाकडे जावं लागलं का? या उत्तरातून दोन्ही बाजूंचे हिशेब जुळतात की नाही ते कळतं.

नॉर्वेच्या उत्तर भागात त्रॉम्सो इथल्या विद्यापीठ रुग्णालयाने अस्थिरोगाच्या रुग्णांवर हे रीतसर करून पाहिलं. काहींना दूरच्या केंद्रात व्हिडिओवर तपासलं, काहींना प्रत्यक्ष, आणि कोण कुठे हे नशिबावर सोडलं. दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच समाधानी निघाले. हा दाखला आपल्याकडे हौसेने दिला जातो, पण एक तपशील गाळून : दूरच्या केंद्रात रुग्णाशेजारी शिकवलेली परिचारिका होती. म्हणजे हात होतेच, फक्त डॉक्टरांचे नव्हते.

आम्हीही त्याच वाटेने गेलो. पहिला कॉल आता शक्यतो तिघांचा असतो : खेळाडू, आम्ही आणि त्याच्या गावाजवळचा फिजिओ, त्याच्याच दवाखान्यातल्या खाटेवरून. नडगी तो ओढतो, ‘ठक्’ लागलं की नाही तो सांगतो, आणि त्याची फी आमच्या फीमधून जाते. रुग्णाला वीस-तीस किलोमीटर जावं लागतं, दोनशे नव्हे. फिजिओ जवळ नसेल तर कॉल संपताना एक छोटी चिठ्ठी जाते, मराठीत, पाच-सहा ओळींची. त्यात संशय काय, कोणती गोष्ट पडद्यावरून तपासता आली नाही, कोणतं लक्षण दिसलं तर कुठल्या दिवसापर्यंत प्रत्यक्ष यायचं, आणि तोवर मैदानावर काय चालेल. ‘आराम करा’ असं त्यात लिहायचं नाही. पैलवानाला ते समजत नाही. ‘लढत बंद, वरच्या अंगाचा व्यायाम चालू, जिना उतरताना कठडा धरा, गुरुवारपर्यंत सूज उतरली नाही तर मिरजेला एक्स-रे’ हे समजतं.